कोकणात सायकलने ऑफिसला जायचंय? सायकल अशी तयार करा

सायकलने कामावर जायचं ठरवलं की पहिला प्रश्न कुठली सायकल घेऊ हाच असतो, मग मोबाईलवर व्हिडिओ बघणं सुरू होतं आणि त्यातले बहुतेक व्हिडिओ मोठ्या शहरातले, रुंद रस्त्यांवरचे, कोरड्या हवेतले असतात. ते बघून सायकल घेतली की पहिल्या पावसाळ्यात चेन लाल होते, दुसऱ्या पावसाळ्यात सायकल पडवीत जाते आणि तिच्यावर गोधड्या वाळत पडतात. असं माझ्याच वाडीत चार-पाच घरांत बघितलंय आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण सायकल चांगली होती, फक्त इथल्या हवेसाठी ती कोणी तयार केली नव्हती.

माझं घर भाट्याच्या पुलापलीकडे, ऑफिस रत्नागिरीत मारुती मंदिरच्या पुढे, एका बाजूने साधारण ९ किलोमीटर. सहा पावसाळे झाले, सायकलनेच जातो. आपल्याकडे चढ आहेत, वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस आहे आणि बारा महिने खारी हवा आहे, सायकलवर जो काही खर्च करायचा तो आधी या तिघांसाठी करायचा. बाकी हौस नंतर. खाली जे लिहितोय ते पूर्ण नवख्या माणसासाठी आहे, ज्याने शाळा सुटल्यावर सायकलला हात लावलेला नाही असं धरून.

आधी रस्ता बघून या

सायकल घ्यायच्या आधी एका रविवारी स्कूटरने किंवा चक्क चालत ऑफिसपर्यंतचा रस्ता बघून या, रोज जाता तोच रस्ता पण या वेळी सायकलवाल्याच्या नजरेने. सगळ्यात वाईट चढ कुठे आहे, तो सुरुवातीला येतो की शेवटी, पावसात पाणी कुठे साचतं, व्हाळाचं पाणी रस्त्यावर कुठे येतं, कुठल्या वळणावर जांभ्याची लाल माती वाहून येते, कुठे दिवे नाहीत, कुत्री कुठे बसलेली असतात. हायवे टाळता येत असेल तर टाळाच, गावातला रस्ता दोन किलोमीटर लांब पडला तरी चालेल, ट्रकच्या बाजूने रोज जाण्यापेक्षा ते दोन किलोमीटर जास्त मारलेले बरे.

वाराही बघा, तो नवीन माणसाच्या लक्षातच येत नाही. पाऊस नसतो तेव्हा सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो आणि दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो. म्हणजे घर किनाऱ्याला आणि ऑफिस आत पूर्वेला असेल तर सकाळी जाताना थोडा वारा तोंडावर आणि संध्याकाळी येताना चांगलाच जोराचा, तोही तोंडावरच. माझ्याकडे पूल आहे तिथे वारा आडवा येतो, शहराकडे जाताना समुद्र डाव्या हाताला, आपण रस्त्याच्या डाव्या कडेने चाललेले आणि वाऱ्याचा धक्का बसला की सायकल उजवीकडे गाड्यांच्या बाजूला सरकते. म्हणून पुलावर चढायच्या आधी मी वेग कमी करतो, दोन्ही हात हँडलवर घट्ट, आणि मागे बस येत असेल तर तिला पुढे जाऊ देतो. तुमच्या रस्त्यावर पूल किंवा उघडा सडा असेल तर अशी जागा आधीच हेरून ठेवा.

घरातली जुनी सायकल चालेल का?

बऱ्याच वेळा चालते. नवी घ्यायची घाई करू नका. जुनी सायकल खळ्यात उभी करून हे बघा: फ्रेमला जिथे नळ्या जोडलेल्या असतात तिथे गंजाचे फुगवटे किंवा चीर आहे का, विशेषतः खाली पायडलच्या इथे आणि मागच्या चाकाच्या वरच्या बाजूला. वरचा गंज पॉलिश पेपरने निघतो, पण टोकदार स्क्रू ड्रायव्हर दाबल्यावर पत्रा आत जात असेल तर ती फ्रेम सोडून द्या. मग चाक उचलून फिरवा, ब्रेकच्या रबराला एका बाजूला घासत असेल तर चाक आउट आहे, म्हणजे वाकडं फिरतंय, तो आउट सायकलवाला अर्ध्या तासात काढून देतो. चाक धरून डावी-उजवीकडे हलवा, खडखड आली तर आतले छर्रे आणि ग्रीस बघायला लागेल.

उंची महत्त्वाची. सायकलच्या मधे दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकून उभे राहा, वरची नळी आणि तुमच्यामध्ये निदान दोन-तीन बोटं जागा पाहिजे. नसेल तर ती सायकल तुमची नाही, कितीही स्वस्तात मिळत असू दे.

नवीनच घ्यायची असेल तर पुढे शॉकअप नसलेली साधी हायब्रिड घ्या, म्हणजे रोड आणि माउंटन सायकलच्या मधली. दुकानात सगळे शॉकअपवाली दाखवतील, दिसायला ती दणकट दिसते, पण स्वस्तातल्या शॉकअपचं वजन खूप, चढावर उभं राहून पायडल मारलं की तुमचा बराच जोर ते खाली-वर व्हायलाच जातो, आणि खाऱ्या हवेत त्याच्या दांड्या वर्षा-दोन वर्षांत गंजून जाम होतात. मागेही शॉकअप असलेली तर नकोच. कॅरियर आणि मडगार्ड लावायला फ्रेमवर भोकं आहेत का ते दुकानातच बघा, मागच्या एक्सलजवळ दोन्ही बाजूंना आणि सीटच्या खाली. ती नसतील तर पुढे फार जुगाड करायला लागतात.

गिअर

हा भाग जरा सावकाश वाचा कारण कोकणात सायकल सुटते ती बहुतेक इथेच. लोक म्हणतात मला चढ जमत नाही, दम लागतो, वय झालं. दम कमी असेलही, पण जास्त वेळा गिअर चुकीचा असतो.

हिशोब सोपा आहे. पुढच्या चकतीचे दाते भागिले मागच्या चकतीचे दाते. आपली काळी बिनगिअरची सायकल घ्या, पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. सपाटीवर मस्त, चढावर गुडघ्याची वाट लागते. त्याच सायकलला मागे २२ दात्यांचं फ्रीव्हील, म्हणजे मागची दात्यांची चकती, लावलं तर चाक दोनच वेळा फिरतं, तेवढा चढ हलका होतो, सपाटीवर वेग थोडा कमी होतो पण ऑफिसला जाताना शर्यत थोडीच आहे. फ्रीव्हील बदलणं म्हणजे सायकलवाल्याचं थोडा वेळाचं काम, खर्चही फार नाही, फक्त चेनला एखादी कडी वाढवायला लागेल का ते त्याला बघायला सांगा. बिनगिअरची सायकल वापरायची असेल तर हा एक बदल करूनच वापरा.

गिअरवाली असेल तर पुढची सगळ्यात लहान चकती आणि मागची सगळ्यात मोठी चकती यांचे दाते बसून मोजा, खडूने एका दात्यावर खूण करून मोजलं की चुकत नाही. पुढे २८ आणि मागे २८ आले तर पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, आपल्या बऱ्याचशा घाट्या यात निघतात. तुमच्याकडे डबा, लॅपटॉप, छत्री असं ओझं असेल किंवा चढ फार खडा असेल तर मागे ३४ दात्यांपर्यंत जाणारं फ्रीव्हील मिळतं, १४ ते ३४ वालं, ते लावून घ्या. आधी विचारा की तुमचा मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसऱ्या चकतीवर सरकवणारा भाग) ३४ दाते घेतो का आणि चेन पुरते का.

आता वापरायचं कसं. चढ लागल्यावर गिअर टाकू नका, चढ लागायच्या आधी टाका. चढावर पायडलवर पूर्ण जोर असताना गिअर बदलला की चेन कडकड वाजते, कधी पडते, आणि नवीन माणूस घाबरून परत त्या गिअरच्या वाटेला जात नाही. बदलताना एक क्षण पायाचा जोर कमी करायचा, पाय फिरते ठेवायचे. पुढे मोठी आणि मागेही मोठी अशी जोडी लावू नका, चेन तिरकी ताणली जाते. आणि चढाला उतरून सायकल ढकलण्यात काही कमीपणा नाही, पहिले दोन-तीन आठवडे मीही एका वळणावर रोज उतरायचो, नंतर कधीतरी लक्षात आलं की आज उतरलोच नाही.

सीट आणि हँडल

बहुतेक लोकांची सीट खाली असते, कारण थांबल्यावर पाय टेकले पाहिजेत असं वाटतं. भिंतीला सायकल टेकवा, सीटवर बसा, पायडल सगळ्यात खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे, कंबर एका बाजूला कलंडायला नको. एवढी उंची ठेवली की पायाचा पुढचा भाग पायडलवर ठेवून चालवताना गुडघा अगदी थोडा वाकलेला राहतो. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकायचा, दोन दिवसांत सवय होते. सीटच्या नळीवर एक रेघ कोरलेली असते, ती फ्रेमच्या आतच राहिली पाहिजे, ती दिसायला लागली तर नळी लहान पडतेय म्हणून लांब नळी घ्या.

गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं तर बहुतेक सीट खाली आहे, मागच्या बाजूला दुखत असेल तर वर झालीये. हाताला मुंग्या येत असतील तर सीटचं टोक खाली झुकलंय का बघा, तसं असेल तर सगळं वजन हातावर येतं. एका वेळी अर्धा सेंटिमीटर एवढाच फरक करा आणि दोन-तीन दिवस चालवून मग पुढचं ठरवा.

टायर आणि ब्रेक

डांबरावर जायचं आहे तर गोटे-गोटे असलेला जंगली टायर काढून टाका, तो रस्त्यावर नुसता घुर्र घुर्र करतो आणि पाय भरून येतात. २६ इंची चाकाला पावणेदोन इंच रुंदीचा, ७०० सी चाकाला (हा आकडा टायरवर लिहिलेला असतो) ३५ किंवा ३८ मिलिमीटरचा, मधे जवळपास गुळगुळीत आणि कडेला नक्षी असा टायर आपल्या खड्ड्यांना बरोबर पडतो. हवा किती भरायची ते टायरच्या बाजूवर छापलेलं असतं, कमीत कमी आणि जास्तीत जास्त दोन्ही, पीएसआय या हवेच्या दाबाच्या मापात. मधला आकडा धरा, मागच्या चाकात थोडी जास्त, पुढे थोडी कमी, पावसात दोन्हीत थोडी अजून कमी पण छापलेल्या कमीत कमीच्या खाली कधीच नाही. अंगठ्याने दाबून अंदाज येत नाही, काटा असलेला उभा पंप घ्या, घरात तोच एक पंप सगळ्यांच्या सायकलला होतो. दर रविवारी हवा, ही सवयच लावून घ्या.

ब्रेकचं असं आहे की आपल्याकडे जेवढा चढ तेवढाच उतार. रिमला रबर लागणारा ब्रेक असेल तर रबरावरच्या खाचा बघा, खाचा गेल्या की रबर बदला, पावसात मातीमुळे ते उन्हाळ्यापेक्षा किती तरी लवकर झिजतं. महिन्यातून एकदा रबर बघताना त्यात रुतलेले बारीक खडे आणि धातूचे चमकणारे कण पिनने काढा, नाहीतर तेच रिमला चरे पाडतात. ओल्या रिमवर ब्रेक लगेच लागत नाही, आधी पाणी पुसलं जातं मग पकड येते, म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच दोन-तीन वेळा हलका ब्रेक दाबून रिम पुसून घ्यायची. डिस्क ब्रेक असेल तर हा त्रास कमी, पण चेनला तेल मारताना एक थेंबही डिस्कवर जाऊ देऊ नका, स्प्रे तर तिकडे फिरकवूच नका, पॅडला तेल लागलं की पॅड फुकट जातात.

कुठला ब्रेक पुढचा आणि कुठला मागचा ते तुमच्या सायकलवर बघून पाठ करा. दोन्ही एकत्र दाबायचे, ओल्या वळणात दाबायचे नाहीत, वळणाच्या आधी वेग कमी करून मोकळं वळायचं. पहिली सर पडून गेल्यावरचा रस्ता फार निसरडा असतो, तेल आणि धूळ वर येते. शेवाळ धरलेला जांभा, लोखंडी जाळ्या, रंगवलेले पट्टे, यांच्यावरून सायकल सरळ न्यायची, ब्रेक नाही की वळण नाही.

मडगार्ड आणि कॅरियर

आखूड प्लॅस्टिकचं मडगार्ड, ते सीटखाली पक्ष्याच्या शेपटीसारखं लावतात ते, आपल्या पावसात काही कामाचं नाही. चाकाला वरून पूर्ण झाकणारं, तारांनी एक्सलजवळ बांधलेलं लांब मडगार्ड घ्या आणि पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकाला एक रबराचा फ्लॅप लावा. जुनी ट्यूब किंवा फाटलेल्या फ्लोअर मॅटचा तुकडा कापून दोन नट-बोल्टने लागतो. जमिनीपासून चार बोटं वर राहील इतका लांब ठेवा. फ्लॅप नसेल तर पुढच्या चाकाचं लाल पाणी सरळ बुटांवर आणि चेनवर येतं, तो लावला की चेन निम्मी स्वच्छ राहते, मी तर म्हणतो पूर्ण सायकलीत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगाची वस्तू हीच. टायर आणि मडगार्डमध्ये बोटभर फट ठेवा, माती आणि गवत अडकून चाक जाम व्हायला नको.

पाठीवर सॅक घेऊन जाऊ नका. दमट हवेत पाठीचा शर्ट पाच मिनिटांत ओला होतो आणि चढावर खांदे दुखतात. मागे कॅरियर बसवा, त्याच्या बाजूला अडकवायची बॅग म्हणजे पॅनियर घ्या, एकच पुरते. पॅनियर वॉटरप्रूफ असं लिहिलेलं असलं तरी आत लॅपटॉप आणि कपडे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळूनच ठेवा. बॅग लावल्यावर पायडल मारून बघा, टाच बॅगला लागत असेल तर बॅग थोडी मागे सरकवा. आणि लोंबणारा एकही पट्टा ठेवू नका, सगळे पट्टे आत खोचा नाहीतर कापून टाका, पट्टा आऱ्यांमध्ये गेला की चाक जागच्या जागी थांबतं.

कॅरियरच्या बोल्टबद्दल मुद्दाम सांगतो. एकदा पुलाच्या अलीकडे मागून टिक टिक आवाज यायला लागला, मी म्हटलं खडा असेल, शंभर मीटर गेलो आणि कॅरियर डाव्या बाजूने खाली बसलं, खालचा बोल्ट सुटून कुठे पडला ते मिळालंच नाही. रुमालाने बांधून ढकलत आणली. खड्ड्यांच्या रस्त्यावर साधा नट ढिला होतोच, म्हणून सगळीकडे नायलॉक नट लावा, ज्याच्या आत नायलॉनची रिंग असते, बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्या म्हणजे गंजणार नाहीत, आणि एक जादा बोल्ट नटासकट बॅगेत ठेवा. फ्रेमला आतून आटे असतील तर तिथे बहुतेक ५ मिलिमीटरचा बोल्ट लागतो आणि त्याला ४ नंबरची अॅलन की. महिन्यातून एकदा सगळे बोल्ट किल्लीने नुसते चाचपून बघा.

दिवे, घंटी, कुलूप

मागे लाल, पुढे पांढरा, दोन्ही चार्जिंगचे, दिवसा पाऊस आणि मळभ असेल तेव्हाही लावा. पुढचा दिवा थोडा खाली झुकवा, समोरच्याच्या डोळ्यावर नको आणि खड्डाही दिसला पाहिजे. पावसात रात्री गुरं डांबरावर येऊन बसतात, काळी म्हैस दहा पावलांवर आल्याशिवाय दिसत नाही, तेव्हा पुढच्या दिव्यात काटकसर नको. मागच्या मडगार्डवर आणि पायडलवर रेडियमच्या पट्ट्या चिकटवा, वर-खाली होणारा पायडल लांबून चटकन कळतो. घंटी लावाच. कुलूप जाड घ्या आणि फ्रेमसकट एखाद्या खांबाला किंवा ग्रिलला लावा, नुसतं चाकात अडकवू नका. हेल्मेट अर्थातच.

आगोट: खारी हवा आणि गंज

पावसाच्या आधी आपण लाकडं भरतो, पापड-लोणची-सुकी मासळी करतो, तशीच सायकलची आगोट करायची. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एक पूर्ण सकाळ.

माझी पहिली सायकल कशी गेली ते ऐका. स्टीलची फ्रेम, सीटची नळी अॅल्युमिनियमची, दोन पावसाळे मी ती नळी एकदाही बाहेर काढली नाही, गरजच पडली नव्हती. तिसऱ्या वर्षी सीट थोडी वर करायला गेलो तर हलेना. दुकानात नेली, त्या माणसाने पहिलाच प्रश्न विचारला, "दादा, ही शेवटची कधी काढली होती?" मग त्याने पाइप पाना लावून जोर केला, नळी पिळली गेली आणि वरचा तुकडा तुटून हातात आला, खालचा फ्रेममध्येच राहिला. चांगली फ्रेम भंगारात द्यायला लागली. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून आणि मधे खारं पाणी, म्हणजे तिथे बारीकशी बॅटरीच तयार होते, अॅल्युमिनियम खाल्लं जातं, त्याची पांढरी भुकटी होऊन फुगते आणि सगळं जाम होतं. मधे ग्रीसचा थर असला की पाणी पोचतच नाही.

तर आगोटीला हे करा. सीटची नळी जिथपर्यंत आत आहे तिथे टेप लावून खूण करा, नळी काढा, सायकल उलटी करून आत पाणी आहे का बघा, असतंच, ते निथळू द्या. फडक्याने पुसून नळीला बोटाने ग्रीसचा पातळ थर द्या आणि परत खुणेपर्यंत बसवा. कार्बनची नळी असेल तर ग्रीस नको, पण ऑफिसच्या सायकलला ती नसतेच बहुधा. मग दोन्ही पायडल काढा, आट्यांना ग्रीस लावा. इथे लक्षात ठेवा, उजव्या पायडलचे आटे सरळ असतात पण डाव्याचे उलटे, डावा पायडल सोडताना घड्याळाच्या दिशेने फिरवायचा. हे माहीत नसलं की माणूस जोर लावून लावून आटे मारतो. पायडल परत लावताना आधी हाताने दोन-तीन फेरे आत गेला पाहिजे, मगच पाना. ब्रेक आणि गिअरच्या वायरी काढून बघा, गंज दिसला किंवा एखादी तार तुटलेली दिसली तर सरळ नवीन टाका. सगळ्या बोल्टच्या डोक्यात, अॅलन की जाते त्या खाचेत, ग्रीसचा ठिपका दाबून ठेवा, पाणी साचत नाही.

चेन मोजायची ती पण याच दिवशी. स्टीलची पट्टी घ्या, चेनच्या एका पिनच्या मध्यावर शून्य धरा, नवीन चेन असेल तर १२ इंचावर बरोबर पिनचा मध्य येतो. पिन अर्धा सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पुढे गेलेली दिसली तर चेन बदला. पूर्ण एक सूत गेली असेल तर चेनबरोबर मागचं फ्रीव्हीलही बदलायला लागेल बहुतेक, कारण तोपर्यंत दातेही झिजलेले असतात. म्हणून अर्ध्या सुतालाच बदललेली स्वस्त पडते.

पावसाळ्यातलं रोजचं काम मात्र पाच मिनिटांचं आहे. घरी आल्यावर दोन-तीन तांबे गोडं पाणी सायकलवर ओता, पाइपचा जोराचा फवारा नको, तो बेअरिंगमध्ये पाणी घुसवतो. चेन जुन्या बनियनच्या तुकड्यात धरून पायडल उलटा फिरवत पुसा, फडकं काळं-लाल होईल, दुसऱ्या बाजूने परत पुसा. मग चेनच्या प्रत्येक कडीवर एक थेंब तेल, सायकलच्या चेनचं ओल्या हवेसाठीचं जाड तेल मिळतं ते, दहा मिनिटं थांबून वरवरचं पुसून टाका. तेल रोज नको, दोन-तीन ओल्या फेऱ्यांनंतर किंवा चेन किरकिरली की. डब्ल्यूडी फॉर्टीचा साधा स्प्रे चेन साफ करायला चांगला पण तेल म्हणून टिकत नाही, खोबरेल घट्ट होतं आणि गाडीचं जळकं ऑइल माती पकडून चेनची कानस करतं. पुळणीत सायकल फिरवली किंवा दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळसारख्या फेरीबोटीतून नेली तर पाऊस नसला तरी त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. सायकल पडवीत ठेवा, पागोळ्यांच्या आत, आणि प्लॅस्टिकने गच्च झाकू नका, आत घाम धरून जास्त गंजते.

दसऱ्याला तसाही गाडीला झेंडूचा हार घालतो, त्याच्या आधीच्या रविवारी पावसाळ्यानंतरची सफाई उरकून घ्या. चाकांच्या आणि पायडलच्या बेअरिंगचं जुनं ग्रीस काढून नवीन भरणं हे सायकलवाल्याकडून करून घ्या, त्याच्या शेजारी बसून बघा, पुढच्या वर्षी निम्मं तुम्हाला जमेल.

घाम आणि कपडे

सोमवारी दोन-तीन शर्ट इस्त्री करून ऑफिसच्या कपाटात ठेवून द्या, पँट एक, टॉवेल, साबण, कंगवा. सायकलवर साधा टीशर्ट. दहा मिनिटं लवकर पोचा, पंख्याखाली बसा, घाम पूर्ण थांबला की मग ओल्या टॉवेलने अंग पुसून कपडे बदला, घाम येत असतानाच शर्ट घातला तर तो शर्टही गेला. पावसात रेनकोट घालून चढ चढलात तर बाहेरून कोरडे आणि आतून घामाने चिंब, म्हणून गरम दिवसांत मी चढावर रेनकोट काढून भिजतोच आणि कोरडे कपडे पिशवीत, जोराचा वारा असेल तेव्हा मात्र जॅकेट घालतो. वाऱ्यात उडणारा पाँचो घालू नका, तो पुलावर शिडासारखा भरतो. पायात फ्लोटर, बूट ऑफिसात. डबा पॅनियरमध्ये उभा ठेवायचा आणि आमटीचा कप्पा पिशवीत बांधून, कॅरियरवर आडवा टाकून नाही.

पंक्चर घरीच काढून बघा

बॅगेत एक जादा ट्यूब, दोन प्लॅस्टिकचे टायर लिव्हर, छोटा पंप, चाकाच्या नटाला पाना, पॅच आणि सोल्यूशन. पण हे सगळं घेऊन पहिली वेळ भर पावसात रस्त्याच्या कडेला नको. एका रविवारी घरीच मागचं चाक काढा, ट्यूब बदला, परत बसवा, घड्याळ लावून. पहिल्यांदा पाऊण तास लागेल, तिसऱ्या वेळी पंधरा मिनिटं. नवीन ट्यूब टाकायच्या आधी टायरच्या आतून हळूहळू बोटं फिरवा आणि काटा किंवा काच शोधून काढा, ती तशीच राहिली तर नवी ट्यूबही दोन मिनिटांत पंक्चर होते. ट्यूब घेताना वॉल्व आपल्या पंपाला लागतो का बघा, जुन्या काळ्या सायकलचा रबरी वॉल्व ट्यूबवाला, मोटरसायकलसारखा जाड आणि बारीक लांब असे तीन प्रकार येतात.

सुरुवात पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात करा. पहिल्या आठवड्यात फक्त दोन दिवस जा, मधे एक दिवस सोडून. पुढच्या आठवड्यात तीन. उन्हाळ्यात सकाळी अर्धा तास लवकर निघा आणि दोन बाटल्या पाणी ठेवा. जूनपर्यंत रस्ता, सायकल आणि पाय तिन्ही ओळखीचे झालेले असतात, मग पहिल्या पावसात फक्त पहिले चार दिवस सावकाश जायचं आणि घरी आल्यावर तांब्या आणि फडकं हाताशी ठेवायचं.